मॅटर छापायचं का नाही? अब्रुनुकसानी आणि आमचा धंदा

बेळगावात माणसाला राग आला की पहिलं वाक्य ठरलेलं, "तुझ्यावर अब्रुनुकसानीची केस घालतो बघ." भाजी मार्केटात दोन दलालांची वाजली तरी हेच, मंडळाच्या वर्गणीवरून तोंडातोंडी झाली तरी हेच, कुणाचा वाढदिवसाचा फ्लेक्स रात्रीत फाटला तरी हेच. बहुतेक केसी चहा पिऊन होईपर्यंत संपतात म्हणा. पण मी शहापूरला ऑफसेट आणि फ्लेक्सचं दुकान चालवतो, त्यामुळं हे वाक्य मला जरा जपून ऐकावं लागतं, कारण कायद्यात लिहिणाऱ्याच्या मागोमाग छापणाऱ्याचा पण नंबर आहे. जुन्या आयपीसीत (भारतीय दंड संहितेत) ४९९ आणि ५०० ही बदनामी करणाऱ्याची कलमं, आणि ५०१ खास आमच्यासाठी, म्हणजे मॅटर बदनामीचं आहे हे माहीत असून छापणाऱ्यासाठी. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि हे सगळं एकट्या कलम ३५६ मधे गोळा केलंय. शिक्षा तीच, दोन वर्षांपर्यंत साधी कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही. नवीन एवढंच की बदनामी करणाऱ्याला कोर्ट आता समाजसेवेची शिक्षा पण देऊ शकतं. छापणाऱ्याला ती सोय ठेवलेली नाही, का ते विचारू नका.

आता लोकांचा हिशेब कसा असतो बघा. आमदाराविरुद्ध, मंत्र्याविरुद्ध काय छापायचं असलं की पार्टी, म्हणजे गिऱ्हाईक, स्वतःच आवाज बारीक करते, "मामा, खाली प्रेसचं नाव घालू नको हं." आणि भाऊबंदकीत, नाहीतर सोडचिठ्ठी झालेल्या एखाद्या घराविरुद्ध पत्रक काढायचं असलं की छाती पुढं, "तो काय करतोय, त्याच्याकडं वकिलाला द्यायला पैसे तरी हैत काय." म्हणजे मोठ्याला भ्यायचं आणि साध्या माणसाला धुवायचं. कायद्याचं तत्त्व याच्या बरोबर उलटं आहे. खुर्चीवर बसलेल्यानं टीका जास्त सोसायची, आणि जो कुणाच्या अध्यात ना मध्यात, त्याच्या अब्रूला कायद्यानं जास्त जपायचं. (व्यवहारात काय होतं ते पुढं लिहितो, ते वाचून बीपी वाढेल.)

मला यातली सगळ्यात आवडती केस जुनी आहे, पंजाबातली, १९५६ ची. कर्तारसिंग विरुद्ध पंजाब सरकार. मोटार वाहतूक सरकारनं ताब्यात घ्यायची ठरवली म्हणून लोकांनी मोर्चा काढला आणि वाहतूक मंत्र्याच्या, मुख्यमंत्र्याच्या नावानं घोषणा दिल्या, "जग्गू मामा हाय हाय", "खच्चर खोता हाय हाय". मुख्यमंत्री होते सच्चर, त्यांचं केलं खच्चर, आणि खोता म्हणजे गाढव. सीमाप्रश्नाच्या मोर्चांत लहानाचा मोठा झालेल्या कुणालाही यात काय विशेष वाटणार नाही, आमच्याकडं याच्यापेक्षा तिखट घोषणा बारकी पोरं देतात. पण पंजाब सरकारनं त्यांना राज्याच्या सुरक्षेच्या कायद्याखाली आत घातलं. केस सुप्रीम कोर्टात गेली आणि कोर्ट म्हणालं की घोषणा बदनामीच्या आहेत हे खरं, पण ते दुखणं त्या दोन मंत्र्यांचं वैयक्तिक, त्यांना वाटलं तर त्यांनी केस घालावी, त्यावरून राज्याची सुरक्षा धोक्यात आली असं म्हणता येत नाही. आणि जाता जाता कोर्टानं हे पण बजावलं की सार्वजनिक पदावर बसणाऱ्यानं टीकेच्या बाबतीत फार नाजूक कातडीचं असू नये. सगळे सुटले. अमेरिकेत या विषयावरचा तो जगप्रसिद्ध निकाल लागायला अजून आठ वर्षं होती तेव्हाची ही गोष्ट.

तो अमेरिकेतला निकाल पण सांगतोच, कारण त्याच्यात बातमीचा काय संबंध नाही, सगळी भानगड एका जाहिरातीची आहे आणि जाहिरातीची भानगड म्हटलं की आमचा जीव तिथं अडकतो. २९ मार्च १९६० ला न्यूयॉर्क टाइम्समधे पानभर जाहिरात आली, मार्टिन ल्यूथर किंग यांच्या कोर्टखर्चासाठी मदत मागणारी. त्यात अलाबामा राज्यातले पोलीस काळ्या विद्यार्थ्यांना कसे वागवतात ते लिहिलेलं. मजकुरात चुका होत्या. किंगना सात वेळा अटक झाली असं छापलं, झाली होती चार वेळा. विद्यार्थ्यांनी गायलेलं गाणं वेगळंच होतं. जेवणघराला कुलूप घातलं असं लिहिलं, ते घातलेलं नव्हतं. प्रूफ बघणारा दमलेला असला की सुटतात तसल्या चुका. तिथल्या माँटगोमेरी शहराच्या पोलीस खात्याचा कारभार बघणारा सलिव्हन नावाचा कमिशनर होता, त्याचं नाव जाहिरातीत कुठंच नव्हतं, तरी तो म्हणाला ही माझी बदनामी, आणि तिथल्या ज्युरीनं त्याला पाच लाख डॉलर देऊन टाकले. अख्ख्या अलाबामात त्या अंकाच्या चारशेच्या आत प्रती गेल्या होत्या!

१९६४ ला अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानं ते सगळं उलटवलं. नियम असा घातला की सरकारी पदावरच्या माणसाला त्याच्या कामाबद्दलच्या मजकुरावर भरपाई पाहिजे असेल तर मजकूर खोटा होता एवढं दाखवून भागणार नाही, छापणाऱ्याला तो खोटा आहे हे माहीत होतं किंवा खरं-खोटं याची त्यानं काडीची फिकीर केली नाही, हे सिद्ध करायला पाहिजे, आणि ते त्या पदावरच्या माणसानं करायचं. कारण भांडणाच्या बोलण्यात थोडी चूक होणारच, आणि प्रत्येक चुकीला पाच लाख द्यायला लागले तर उद्या कोण तोंड उघडणार. १९६७ ला हाच नियम नुसते अधिकारीच नाही तर प्रसिद्ध माणसांना पण लावला.

साध्या माणसाचं काय, ते ठरलं १९७४ ला. शिकागोत एका पोलिसानं एका पोराला गोळी घातली, पोराच्या घरच्यांची केस गर्ट्झ नावाच्या वकिलानं घेतली, आणि एका मासिकानं त्या वकिलाला कम्युनिस्ट ठरवलं, त्याचं गुन्हेगारी रेकॉर्ड आहे असं छापलं. दोन्ही खोटं. मासिकवाले म्हणाले हा प्रसिद्ध माणूस, याला सलिव्हनचा नियम लावा. कोर्ट म्हणालं नाही. गावात वकील म्हणून नाव आहे म्हणजे सार्वजनिक माणूस झाला असं होत नाही. इथं छापणाऱ्याचा निष्काळजीपणा दिसला तरी झालेल्या नुकसानाची भरपाई मिळू शकते. याला कोर्टानं दोन कारणं दिली आणि ती मला कुठल्याही गल्लीत पटण्यासारखी वाटतात. एक, मोठ्या माणसाला उत्तर द्यायला जागा असते, तो उद्या प्रेस (पत्रकार परिषद) घेईल, खुलासा छापून आणेल, साध्या माणसाचा खुलासा कोण छापणार? दुसरं, निवडणुकीला उभा राहणारा स्वतःच्या पायानं चव्हाट्यावर आलेला असतो, घरात बसलेल्याला तुम्ही ओढून आणलेलं असतं.

आपल्याकडं हा विचार आला १९९४ ला, राजगोपाल विरुद्ध तमिळनाडू सरकार या केसमधे. ऑटो शंकर म्हणून फाशीची शिक्षा झालेला खुनी तमिळनाडूत जेलात होता. त्यानं आत्मचरित्र लिहिलं म्हणे, आणि त्यात मोठमोठ्या अधिकाऱ्यांचं त्याच्याकडं येणंजाणं कसं होतं ते सगळं होतं. नक्कीरन नावाचं तमिळ साप्ताहिक ते छापणार म्हटल्यावर जेलच्या वरिष्ठ अधिकाऱ्याचं पत्र आलं की हे खोटं आहे, छापाल तर बघा. सुप्रीम कोर्ट म्हणालं की अधिकाऱ्यांना बदनामी होईल अशी नुसती भीती वाटते म्हणून छापायच्या आधीच सरकारला अडवता येणार नाही. आणि पुढं जे सांगितलं ते माझ्या मते छपाईच्या प्रत्येक दुकानात काउंटरवर लावून ठेवावं असं आहे. सरकारी माणसाच्या कामाबद्दल लिहिलेलं असेल तर मजकूर चुकीचा निघाला तरी त्याला भरपाई मागता येत नाही, खऱ्याखोट्याची अजिबात पर्वा न करता छापलं हे त्यानं दाखवलं तरच मागता येते. छापणाऱ्यानं बऱ्यापैकी चौकशी करून छापलं एवढं दाखवलं तरी पुरे. पण हेच मॅटर त्याच्या कामाशी संबंध नसलेल्या खाजगी आयुष्याबद्दल असलं, तर मग तो पण तुमच्याआमच्यासारखाच, त्याला तेवढंच संरक्षण. आणि सरकार किंवा नगरपालिका यांना संस्था म्हणून भरपाई मागताच येत नाही. म्हणजे महापालिकेच्या गटारींवर, पाण्यावर काय पाहिजे ते लिहा, महापालिकेची अब्रू गेली म्हणून महापालिका भरपाईचा दावा लावू शकत नाही, कार्पोरेटर स्वतःच्या नावानं लावू शकतो ती गोष्ट वेगळी.

म्हणजे आपल्या कायद्यात खरा प्रश्न माणूस केवढा मोठा हा नाही. बोलणं खुर्चीबद्दल आहे का घराबद्दल, हा आहे.

तालुक्यातल्या एका गावची पोरं मागं एक पत्रक घेऊन आली होती, ग्रामपंचायतीच्या एका मेंबरविरुद्ध. मॅटर चांगलं लिहिलेलं. उद्योग खात्रीच्या (म्हणजे रोजगार हमीच्या) हजेरीत गावात नसलेल्या माणसांची नावं, गटारीचं काम अर्धं आणि बिल पूर्ण, पथदिव्यांचा पत्ता नाही. आणि शेवटी मोठ्या अक्षरात, ज्यांना घरातली सून नांदवता येत नाही ते गाव काय नांदवणार! पोरं त्या ओळीवर एकदम खूश, तीच वर हेडिंगला घ्या म्हणायला लागली. मी म्हटलं ती ओळ काढा, बाकीचं बघूया. "मामा, तीच तर लाईन जबरी आहे की, कशाला घाबरालाय?" म्हटलं जबरी आहे म्हणूनच. मेंबर निवडून आलाय, त्याच्या हजेरीबद्दल, बिलाबद्दल विचारायचा गावाला हक्क आहे. पण सून? ती कुठं उभी राहिली होती निवडणुकीला? ती माहेरी का गेली हा तिचा प्रश्न, आणि पत्रकात तिचं नाव नसलं तरी गावात कुणाची सून ते सांगायला लागत नाही. मेंबरनं केस नाही घातली तरी ती घालू शकते.

"पण ते खरं आहे की ओ!" हे त्यांचं पुढचं म्हणणं. इथं बरेच शिकलेले लोक पण फसतात. दिवाणी दाव्यात मजकूर खरा आहे हे सिद्ध केलं की विषय संपतो. फौजदारीत तसं नाही. आयपीसीच्या ४९९ ला दहा अपवाद होते, तेच आता ३५६ ला आहेत, आणि त्यातला पहिलाच अपवाद सांगतो की गोष्ट खरी पाहिजे आणि ती छापण्यात लोकांचं हित पण पाहिजे. नुसतं खरं असून चालत नाही. गटारीचं बिल लोकांच्या पैशाचं, त्यात लोकहित आपोआप आलं. सुनेच्या माहेरी जाण्यात कुणाचं कसलं हित?

बाकीच्या मुद्द्यांसाठी मी त्यांना कागद विचारले. हजेरीचा उतारा होता, तो ऑनलाईन निघतो. गटारीच्या बिलाचा काय नव्हता, नुसतं पीडीओच्या (पंचायत विकास अधिकाऱ्याच्या) ऑफिसातल्या कुणीतरी सांगितलं होतं. मग तिथली "बिल खाल्लं" ही ओळ बदलून "काम अपुरं असताना पूर्ण बिल निघाल्याचं समजतं, मेंबरांनी खुलासा करावा" अशी केली आणि गटारीचा फोटो टाकला. "समजतं" घातलं की सुटलो असं काय नाही हां, कोर्ट एका शब्दावर सोडत नाही, वाचणाऱ्याच्या मनात काय उभं राहतं ते बघतं. पण दुसरा अपवाद सरकारी माणसाच्या सार्वजनिक कामाबद्दल सद्भावनेनं दिलेल्या मताला आहे, आणि कायद्यात सद्भावना म्हणजे मनात वाईट नव्हतं एवढं नाही, नीट काळजी घेऊन केलं पाहिजे. कागद बघितला, फोटो काढला, खुलासा मागितला, ही ती काळजी.

या सद्भावनेवरच साठच्या दशकातली एक पंजाबचीच केस आहे, हरभजनसिंग यांची. त्यांनी १९५७ ला मुख्यमंत्र्याच्या मुलावर तस्करीचा आरोप करणारं निवेदन पेपरात दिलं. मुलगा काय पदावर नव्हता, पण आरोप असा की बाप मुख्यमंत्री म्हणून त्याला कोण हात लावत नाही. खालच्या कोर्टांनी शिक्षा केली, सुप्रीम कोर्टानं सोडलं, आणि सांगितलं की आरोपीला आपली सद्भावना सरकारी वकिलासारखी संशयापलीकडं सिद्ध करायला लागत नाही, खरं असण्याची शक्यता जास्त आहे एवढं दाखवलं तरी चालतं. म्हणजे पुढाऱ्याचा पोरगा घराचा भाग का खुर्चीचा, तर तो खुर्चीचा वापर करत असेल तेवढ्यापुरता खुर्चीचा.

मग मधली माणसं उरतात आणि आमच्या भागात तीच जास्त. पतसंस्थेचा चेअरमन, शाळेच्या एसडीएमसीचा (शाळा विकास समितीचा) अध्यक्ष, गणपती मंडळाचा खजिनदार, देवस्थानचा पंच. हे सरकारी नाहीत, पण अगदी घरातले पण नाहीत. यांना तिसरा अपवाद उपयोगी पडतो, कुठल्याही माणसाचं सार्वजनिक प्रश्नाबाबतचं वागणं. कायद्यातच उदाहरण दिलंय, सभा बोलवायच्या मागणीवर सही करणं, सभेत हजर राहणं, उमेदवाराचा प्रचार करणं. म्हणजे सीमाप्रश्नाच्या सभेत स्टेजवर बसून भाषण ठोकलं, की त्या भाषणाबद्दल, त्या भूमिकेबद्दल त्या माणसाला लोक बोलणार. त्याचं पिणं, त्याची बायको, त्याचं भावाशी चाललेलं जमिनीचं भांडण हे त्या भाषणाबरोबर स्टेजवर येत नाही. खजिनदाराला वर्गणीचा हिशेब विचारा, बोर्डावर लिहून विचारा, पण त्याचं दुकान का बुडालं ते मंडळाच्या ग्रुपवर कशाला?

आणि एक नवीन फॅशन आलीय. एखाद्या म्हातारीचं बसमधे कंडक्टरशी भांडण झालं, कुणीतरी व्हिडिओ काढला, वर भाषेचा मसाला लावला, दोन्ही बाजूंनी शिव्या सुरू. मग म्हणायचं ती आता फेमसच आहे की, तिच्याबद्दल बोललं तर काय झालं. अमेरिकेत १९७९ ला हेच झालं. सरकारी पैशावर माकडांच्या रागाचा अभ्यास करणाऱ्या एका शास्त्रज्ञाला एका सिनेटरनं पैसे उधळल्याचा टिंगलीचा पुरस्कार जाहीर केला, शास्त्रज्ञ कोर्टात गेला, सिनेटर म्हणाला हा तर प्रसिद्ध माणूस. कोर्ट म्हणालं, तुझ्या बदनामीमुळं तो प्रसिद्ध झाला, तीच तुझी ढाल कशी होईल? आपल्या कोर्टाला अमेरिकेचा निकाल बांधून घेत नाही, पण मला हा मुद्दा एकदम रास्त वाटतो.

भाषेवरून आठवलं. "अमक्या भाषेचे लोक सगळे असे" असलं मॅटर आलं की दोन्हीकडची पोरं मला अब्रुनुकसानीचं कलम विचारतात. ते तिथं बसत नाही. १९७२ ला सुप्रीम कोर्टानं चोकप्पा केसमधे सांगितलंय की बदनामी झालेला समूह नेमका ओळखता आला पाहिजे, लाखो करोडो लोकांचा समाज त्यात येत नाही. पण म्हणून ते छापायचं असं नाही, त्याला समाजात तेढ लावण्याचं वेगळं कलम आहे आणि ते याच्यापेक्षा कितीतरी जड आहे, पोलीस थेट उचलतात. माझ्याकडं असलं मॅटर आलं की मशीन बंद असतं.

आता बीपी वाढवणारा भाग. तत्त्व सांगतं मोठ्यानं सोसायचं. पण व्यवस्था कुणासाठी आहे बघा. मंत्र्याची, राज्यपालाची, सरकारी नोकराची त्याच्या कामाबाबत बदनामी झाली, तर सरकारच्या मंजुरीनं सरकारी वकील त्याच्या वतीनं थेट सेशन्स कोर्टात तक्रार करू शकतो, सहा महिन्यांच्या आत. जुन्या सीआरपीसीत (फौजदारी प्रक्रिया संहितेत) १९९ कलम होतं, नवीन नागरिक सुरक्षा संहितेत २२२. म्हणजे खुर्चीवरच्या माणसाला फुकट वकील आणि वरचं कोर्ट, आणि तुम्हाला मला खालच्या मॅजिस्ट्रेटकडं स्वतःच्या खर्चानं. तमिळनाडूत जयललिता मुख्यमंत्री असताना अशा केसींचा इतका पाऊस पडला की २०१६ मधे सुप्रीम कोर्टानंच सरकारला झापलं. त्याच वर्षी १३ मे ला सुब्रमण्यम स्वामींच्या केसमधे त्याच कोर्टानं हा फौजदारी गुन्हा ठेवायचाच असा निकाल दिला, अब्रू हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे म्हणून. ते चूक असं मी म्हणत नाही, अब्रू असतेच की गरिबाला पण. पण राजगोपालमधली ती सवलत भरपाईच्या दाव्यापुरती राहिली आणि जेलची भीती तशीच राहिली.

२०१९ ला कर्नाटकातल्या कोलारच्या सभेत राहुल गांधी मोदी आडनावावरून बोलले, २३ मार्च २०२३ ला गुजरातेत सुरतच्या कोर्टानं पूर्ण दोन वर्षं ठोकली, खासदारकी गेली, ४ ऑगस्टला सुप्रीम कोर्टानं दोषसिद्धीला स्थगिती दिली तेव्हा परत मिळाली. तुमचा पक्ष कुठला पण असू दे, भाषण कोलारला आणि केस सुरतला, हे साध्या माणसाला परवडतंय का बघा.

बेंगळूरच्या दिवाणी कोर्टातून मिळणाऱ्या मनाईहुकमांची तर वेगळीच कथा. २०१९ च्या लोकसभेला बेंगळूर दक्षिणच्या एका उमेदवारानं चाळीसहून जास्त प्रसारमाध्यमांवर मनाई आणली, आपल्याबद्दल बदनामीचं काय छापू नये म्हणून, आणि ती पण मतदानाच्या तोंडावर. हायकोर्टानं ती उठवली हे बरं झालं. मग २०२१ च्या मार्चमधे आमच्याच जिल्ह्यातल्या एका मंत्र्यानं सीडी प्रकरणात राजीनामा दिला आणि लगेच दुसरे सहा मंत्री कोर्टात, आमच्याबद्दल काय दाखवू नका. मिळाली की मनाई! अजून काय छापलेलं नाही, काय दाखवलेलं नाही, तरी आधीच कुलूप. मार्च २०२४ ला सुप्रीम कोर्टानं ब्लूमबर्ग ही वृत्तसंस्था आणि झी यांच्या केसमधे खालच्या कोर्टांना बजावलं की लेख छापण्याविरुद्ध अशी मनाई सुनावणीच्या आधी अगदी क्वचित द्यायची, नाहीतर पैसेवाल्यांना लोकांचं तोंड बंद करायचं हत्यार मिळतं. आता बेंगळूरात ते किती मुरतंय ते बघायचं.

आणि दुसऱ्या टोकाला कोण? आमच्याकडं ब्लाऊजच्या शिवणक्लासची पत्रकं छापून न्यायची एक बाई, नवरा नाही, दोन पोरं. गल्लीच्या ग्रुपवर कुणीतरी तिच्याबद्दल आवाज बदलून एक क्लिप टाकली, क्लासला कोण कोण येतं आणि कशाला येतं असली. ती कुठली निवडणूक लढवत नव्हती, तिच्याकडं प्रेस घ्यायला कोण येणार नव्हतं. पोलिसांत गेली तर सांगितलं यात आम्ही काय करू शकत नाही, कोर्टात जा. कायद्यानं ते अर्धं बरोबर होतं. अब्रुनुकसानीचा एफआयआर होत नाही, तो अदखलपात्र गुन्हा, ज्याची अब्रू गेली त्यानं स्वतः मॅजिस्ट्रेटकडं खाजगी फिर्याद करायची, आणि नवीन कायद्यात तर फिर्यादीची दखल घ्यायच्या आधी समोरच्याचं पण ऐकून घ्यायचं. पण बाईबद्दल अश्लील बोललेलं असलं तर न्याय संहितेचं कलम ७९ आहे, स्त्रीच्या विनयशीलतेचा अपमान, आणि ते दखलपात्र आहे, त्यात पोलिसांना हात वर करता येत नाहीत. हे तिला कुणी सांगितलंच नाही.

शेवटी ओळखीच्या वकीलसाहेबांनी फी न घेता नोटीस काढली, ज्यानं क्लिप टाकली त्याला आणि ज्यांनी पुढं ढकलली त्यांना पण. पुढं ढकलणारे ओरडायला लागले, आम्ही कुठं बनवली! २०२४ च्या फेब्रुवारीत दिल्ली हायकोर्टानं केजरीवालांच्या केसमधे सांगितलंय की बदनामीचं ट्विट रिट्विट करणं पण बदनामीत धरता येतं, आणि ज्याच्या मागं जास्त लोक त्यानं जास्त जपायला पाहिजे. ग्रुप अॅडमिनला मात्र नुसता अॅडमिन आहे म्हणून धरता येत नाही, असं मुंबई हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठानं २०२१ ला सांगितलंय. नोटिशीनंतर त्याच ग्रुपवर माफी आली. ती बाई पुढं कोर्टात गेली नाही. तारखांना क्लास बंद ठेवायला लागला असता, आणि कोर्टातले कागद कन्नडमधून समजून घ्यायला प्रत्येक वेळी कुणाच्या तरी दारात जायला लागलं असतं. क्लासला येणाऱ्या बायका काही परत आल्या, काही नाही. जिच्यासाठी हा कायदा सगळ्यात जास्त पाहिजे तिला तो परवडत नाही आणि ज्यानं सोसायचं त्याला तो घरपोच मिळतो, हे मला मनापासून चुकीचं वाटतं. मी काय वकील नाही, पण पत्रकं छापून छापून एवढं कळतंय.

कुणाला जायचंच असेल तर दोन मुदती लक्षात ठेवा. भरपाईचा दिवाणी दावा एका वर्षात, फौजदारी फिर्याद तीन वर्षांत. आणि क्लिप, मेसेज नुसते प्रिंट काढून चालत नाहीत, त्याला इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं सर्टिफिकेट जोडायला लागतं, मूळ मोबाईल जपून ठेवा. आणि तक्रारच करायची असेल तर फ्लेक्सपेक्षा अर्ज बरा. डीसी (जिल्हाधिकारी) ऑफिसला, लोकायुक्तांना, ज्याला चौकशीचा अधिकार आहे त्याला सद्भावनेनं केलेल्या तक्रारीला आठवा अपवाद आहे. माझं गिऱ्हाईक जातंय, तरी सांगतो.

निवडणूक आली की मात्र सगळं अजून कडक. लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१ चा, त्यात १२३ (४) म्हणून आहे, उमेदवाराच्या वैयक्तिक चारित्र्याबद्दल किंवा वागण्याबद्दल खोटी गोष्ट, खरी नाही असं वाटत असताना छापली आणि त्यानं मतांवर परिणाम होणार असेल तर तो कायद्यानं निवडणुकीतला भ्रष्ट आचार, निवडून आलेला माणूस घरी जाऊ शकतो. बघा, इथं पण वैयक्तिक हा शब्द आहेच. उमेदवारानं पाच वर्षांत काय केलं नाही ते कितीही छापा, त्याला दुसरी बायको आहे म्हणून छापायचं नाही.

आणि १२७ अ आमच्यासाठी. विधानसभा-लोकसभेच्या प्रत्येक पत्रकावर, पोस्टरवर छापणाऱ्याचं आणि काढणाऱ्याचं नाव-पत्ता पाहिजे, काढणाऱ्याची सही असलेलं डिक्लरेशन दोन प्रतीत पाहिजे, त्यावर त्याला ओळखणाऱ्या दोघांच्या सह्या, आणि त्यातली एक प्रत पत्रकासकट जिल्हा मॅजिस्ट्रेटला पाठवायची. नाही केलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद नाहीतर दोन हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. दर वेळेला पार्टी तोंड वाकडं करते, "ओ मामा, एवढ्याशा पत्रकाला दोन साक्षीदार कुठनं आणू, लग्न लावालाय काय!" मी फॉर्म पुढं सरकवतो. निवडणूक नसली तरी कुणाविरुद्ध मॅटर असेल तर हाताची प्रत, सही, आधारचं झेरॉक्स आणि पुराव्याचे कागद घेतल्याशिवाय प्लेट काढत नाही, आणि फौजदारीची मुदत तीन वर्षांची म्हणून ती फाईल तीन वर्षं रद्दीत घालत नाही.